दर कुठला धरायचा? व्हेरिएबलच्या स्कोपची पार्श्वभूमी

सांगलीत पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला बसलेला मुलगा असो की साताऱ्यात, पहिली अडचण ठरलेली: फंक्शनच्या (नाव दिलेल्या कोडच्या तुकड्याच्या) आत बदललेली व्हेरिएबलची, म्हणजे किंमत साठवणाऱ्या नावाची, किंमत बाहेर जुनीच राहते. एखादं नाव प्रोग्रामच्या कुठल्या भागात ओळखलं जातं, तो त्याचा स्कोप. ‘नियमच आहे तसा’ हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. त्या नियमामागे साठ वर्षांहून जुना मतभेद आहे आणि तो मुलांना सांगायलाच हवा.

हळदीच्या सौद्याचा हिशेब घ्या. प्रोग्रामच्या सुरुवातीला ‘दर’ १२,००० ठेवला. ‘रक्कम’ हे फंक्शन तो दर वापरतं. ‘सौदा’ या दुसऱ्या फंक्शननं स्वतःपुरता दर १५,००० केला आणि ‘रक्कम’ला कॉल केला, म्हणजे ते चालवलं. आता दर कुठला धरायचा? फंक्शन जिथं लिहिलंय तिथला, की कॉल करणाऱ्याचा?

१९६०च्या अल्गोल या भाषेनं लिहिल्या जागेचा, म्हणजे १२,००० धरला. हा लेक्सिकल स्कोप. त्याच सुमाराच्या, जॉन मॅकार्थींच्या लिस्प या भाषेत उत्तर १५,००० यायचं. हा डायनॅमिक स्कोप. इंटरप्रिटर (कोड वाचून चालवणारा प्रोग्राम) लिहिणाऱ्याला दुसरी पद्धत सोपी: सगळ्यात अलीकडचं नाव सापडलं की काम झालं. पण कोड वाचणाऱ्याचे हाल होतात, कारण नुसतं ‘रक्कम’ वाचून दर कुठून येणार हे कळतच नाही. १९७५मध्ये सस्मन आणि स्टील या संगणकशास्त्रज्ञांनी स्कीम या लिस्पच्याच बोलीत लेक्सिकल स्कोप आणला, आणि पुढे बहुतेक भाषा त्याच वाटेनं गेल्या.

स्क्रिप्टिंग भाषा मात्र अडखळत गेल्या. बॅशमध्ये दर फंक्शनपुरता ठेवणारं ‘लोकल’ लिहून हाच हिशेब केला तर आजही १५,००० येतात. पर्लला लेक्सिकल स्कोपचं व्हेरिएबल जाहीर करणारं ‘माय’ मिळालं १९९४मध्ये, पाचव्या आवृत्तीत. ब्रेंडन आइक यांनी १९९५मध्ये जावास्क्रिप्टचा पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला. तिथलं व्हेरिएबल जाहीर करणारं ‘वार’ महिरपी कंसाला जुमानत नाही, अख्ख्या फंक्शनभर पसरतं. कंसात राहणारी ‘लेट’ आणि ‘कॉन्स्ट’ यायला २०१५ उजाडलं.

पायथनची गोष्ट वेगळी. तिथं व्हेरिएबल आधी जाहीर करायची पद्धतच नाही. किंमत दिली की नाव तयार. म्हणून फंक्शनमध्ये कुठंही ‘दर’ला किंमत दिली, की त्या अख्ख्या फंक्शनपुरता ‘दर’ लोकल ठरतो. आत ‘दर = दर + ५००’ लिहिलं की ‘अनबाउंड लोकल एरर’ येते ती यामुळेच: उजवीकडचा ‘दर’ही लोकलच मानला जातो आणि त्याला अजून किंमतच नसते. बाहेरचा दर बदलायचा तर ‘ग्लोबल’ लिहावं लागतं. फंक्शनच्या आतल्या फंक्शनला बाहेरच्या फंक्शनमधली नावं दिसू लागली २००१च्या सुमारास. ती बदलता यावीत म्हणून ‘नॉनलोकल’ आलं २००८मध्ये, पायथन ३ सोबत.