भरल्या बंडीचा पहिला हिसका

कापसाची भरली बंडी जागची हलवायला बैलांना जेवढा जोर लागतो, तेवढा पुढे डांबरी सडकेवर लागत नाही. विदर्भातल्या कोणत्याही धुरकऱ्याला हे ठाऊक असतं. माना खाली जातात, जू करकरतं, आणि चाकं फिरली की बैलांची चाल सैल पडते. न्यूटनचा दुसरा नियम, जो त्यानं १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’त मांडला, तो हाच: बळ लागतं ते वेग बदलायला. वेग आला की बैलांनी फक्त घर्षणाला पुरून उरायचं.

हिशेब करू. बैलजोडी साडेसात क्विंटल, रिकामी बंडी अडीच क्विंटल, मिळून १,००० किलो. घर्षण वजा जाता ५०० न्यूटन बळ उरलं असं धरा. बळाला वस्तुमानानं भागलं की त्वरण मिळतं: इथे दर सेकंदाला वेग अर्ध्या मीटरनं वाढणार. म्हणजे सेकंदाला एक मीटर ही बैलांची चाल दोन सेकंदांत येते. आता वर दहा क्विंटल कापूस रचा. वस्तुमान दुप्पट, त्वरण निम्मं, त्याच चालीला चार सेकंद. खरं तर याहून जास्तच, कारण ओझ्यानं घर्षणही वाढतं. आणि पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीत तर बैलांचा सगळा जोर चिखलच खातो. शिल्लक बळ शून्य, तर त्वरणही शून्य. मग तुतारी (बैल हाकायची टोकदार काठी) टोचून काही होत नाही, चाकाला चौघांनी खांदे लावावे लागतात.

हिशेबात बैलांचं वजन धरलं, कारण बैलांना बंडीआधी स्वतःलाच वेग द्यावा लागतो. शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, हे फार जाणवतं. (२०१४ला बंद पडलेले पट सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३च्या निकालानं पक्के सुरू झाले.) पटाची गाडी १०० किलोची आणि हाकणारा ५० किलोचा धरला, तर जोडीसकट ९०० किलो होतात. गाडी घासून-तासून निम्म्या वजनाची केली तरी त्वरण वाढतं जेमतेम सहा टक्के! पण निकाल सेकंदाच्या अंशावर लागतो, तेव्हा तेवढ्यासाठीही माणसं सुताराच्या दारात बसतात. माझ्या मते तोच पैसा खुराकावर जास्त कामी येईल.

नाल्याचा उतार लागला की हाच नियम उलटा अंगावर येतो. वेग कमी करायलाही बळच लागतं. भरली बंडी मागून रेटते आणि बैलांना ती थोपवावी लागते. ट्रॅक्टरचं दुखणं याहून मोठं. दोन टनांचा ट्रॅक्टर, मागे पाच टनांची भरली ट्रॉली, आणि ट्रॉलीला ब्रेक नाही. ब्रेकचं बळ तेच, वस्तुमान साडेतीनपट. त्याच वेगावरून थांबायला अंतरही साडेतीनपट, तेही सपाट रस्त्यावर. उतारावर आणखी. म्हणून जाणता ड्रायव्हर उतार लागायच्या आधीच खालचा गिअर टाकतो.