घाट, पास आणि लेट मार्क : पुणे–मुंबई अप-डाउनची पार्श्वभूमी

पुण्यात राहून मुंबईत नोकरी करणारा माणूस रोज 192 किलोमीटर जातो आणि तेवढेच परत येतो. डेक्कन क्वीन सकाळी सव्वासातला पुण्याहून सुटते आणि वेळेवर असली तर साडेदहाच्या आत सीएसएमटीला लागते. संध्याकाळी पाच दहाला ती परत निघते. म्हणजे सहाच्या सुमारास घराला कुलूप लावलेला माणूस रात्री नऊला घरात पाऊल टाकतो, तेही सगळे सुरळीत झाले तर. एवढे करण्यासाठी तो खर्च किती करतो, हा प्रश्न लोक नेहमी विचारतात. पासाची रक्कम ऐकली की त्यांना ती फारच कमी वाटते. पण या प्रवासाची खरी किंमत पासावर छापलेली नसते. ती वेळेत मोजावी लागते, आणि हा वेळ कुठे जातो हे समजून घ्यायचे तर थेट दीडशेहून अधिक वर्षे मागे जावे लागते.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, हे सर्वांना माहीत आहे. पुण्याची गोष्ट मात्र त्यानंतर दहा वर्षे रखडली होती. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचे रूळ 1856 मध्ये खोपोलीपर्यंत आले आणि 1858 मध्ये वर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतची गाडी सुरू झाली. मधला बोरघाट तेवढा राहिला. त्या पाच वर्षांत मुंबईहून पुण्याला जाणारे लोक खोपोलीला उतरत, पालखीत किंवा तट्टावर बसून घाट चढत आणि खंडाळ्याला दुसरी गाडी पकडत.

घाटातले काम अतोनात अवघड होते. मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी आखलेल्या मार्गाला सुमारे 25 किलोमीटरमध्ये 1,831 फूट चढायचे होते. बोगदेच पंचवीस होते. सर्वांत तीव्र चढ 37 फुटांना एक फूट असा, आणि रेल्वेच्या हिशेबात हा भयंकर चढ आहे. 1861 मध्ये एका वेळी 42,000 च्या वर मजूर इथे राबत होते. कॉलरा आणि तापाने त्यांतले हजारो गेले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये भारतात आल्यावर थोड्याच काळात वारले, तेव्हा त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी ठेका चालू ठेवून काम तडीस नेले. 21 एप्रिल 1863 रोजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाटमार्ग खुला झाला. घाटात एके ठिकाणी गाडीला दिशा उलटवून पुढे जावे लागे. ते रिव्हर्सिंग स्टेशन 1929 मध्ये नवा मार्ग काढल्यावर बंद झाले. 37 ला एकचा चढ मात्र राहिला, तो आजही तसाच आहे.

या एका आकड्याने पुणे–मुंबई प्रवासाचे वेळापत्रक बांधून टाकले आहे. संध्याकाळची गाडी कर्जतला थांबते ती वडा खाण्यासाठी, असा नव्या प्रवाशाचा समज होतो, कारण फलाटावर वड्यांचे ट्रे घेऊन फेरीवाले डब्याडब्यापाशी धावत असतात. खरे काम गाडीच्या शेपटीला चाललेले असते. तिथे चढावर गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिने येऊन लागतात. डब्यात बसलेल्याला मागून हलका धक्का जाणवतो, ब्रेकची हवा जोडल्याचा फुस्स आवाज येतो, मग पुढच्या आणि मागच्या लोको पायलटांच्या शिट्ट्या एकमेकींना उत्तर देतात आणि गाडी हलते. रोजचे प्रवासी धक्का बसला की घड्याळ बघतात. बँकर दहा मिनिटे उशिरा लागला तर लोणावळ्याला किती वाजतील हे त्यांना तोंडपाठ असते. कर्जत ते लोणावळा हे 28 किलोमीटर चढायला पाऊण तासाच्या आसपास लागतो. उतरताना बँकर लागत नाहीत, पण ब्रेकची चाचणी आणि वेगाची कडक मर्यादा असते, आणि ती असायलाच हवी. घाटात गाडीवरचा ताबा सुटला तर तिला वाळूच्या सापळ्यात थांबवणाऱ्या कॅच सायडिंग आजही आहेत. वेगाच्या हट्टापायी या सुरक्षेला हात लावा असे कोणताही जुना पासधारक म्हणणार नाही.

कल्याण ते पुणे या मार्गाचे विद्युतीकरण झाले तेव्हा बराच वेळ वाचला आणि त्याच सुमारास, 1 जून 1930 रोजी, डेक्कन क्वीन सुरू झाली. ती आपल्यासाठी नव्हती, हे विसरता कामा नये. तिच्यात फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता आणि घोड्यांच्या शर्यतींसाठी पुण्याला येणारी बडी मंडळी तिचे पहिले गिऱ्हाईक. तिसऱ्या वर्गाचे डबे तिला 1955 मध्ये जोडले गेले. पुण्याच्या पेठांमधला कारकून, बँकेतला कॅशियर, सचिवालयातला टंकलेखक या गाडीत बसू लागला तो तेव्हापासून. 1974 मध्ये तिसऱ्या वर्गाचे नाव बदलून दुसरा वर्ग झाले. पुढे सिंहगड, प्रगती, इंद्रायणी या गाड्या आल्या, 1978 मध्ये पुणे–लोणावळा लोकल सुरू झाली आणि अप-डाउन करणाऱ्यांची एक वस्तीच तयार झाली.

ही वस्ती वाढण्याचे कारण रेल्वेत नव्हते, घरात होते. मुंबईत नोकरी मिळे, पण जागा मिळत नसे. भाड्याची जागा जुन्या भाडेकरूकडे पिढ्यानपिढ्या राही, विकत घ्यायची जागा पगारात बसत नसे. पुण्यात वाडा असे, आईवडील असत, मुलांची शाळा असे, बायकोची नोकरी असे. बदली मुंबईला झाली म्हणून हे सगळे उचलून डोंबिवलीत दोन खोल्यांत नेण्यापेक्षा रोज घाट उतरलेला बरा, असा हिशेब हजारो घरांनी केला. त्या हिशेबात सर्वांत मोठा आधार होता पासाचा.

पासाचे गणित समजून घेण्यासारखे आहे. दुसऱ्या वर्गाच्या मासिक पासाची किंमत साधारण पंधरा एकेरी फेऱ्यांएवढी ठेवली जाते. महिन्यात पंचवीस दिवस जाऊन-येऊन केले तर फेऱ्या पन्नास होतात. म्हणजे पासधारक तिकिटाच्या मानाने तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी देतो. त्रैमासिक पास मासिक पासाच्या 2.7 पट असतो, तिथे आणखी थोडी बचत होते. सुपरफास्ट गाडीचा अधिभार वेगळा. सर्वसाधारण नियमाने पास 150 किलोमीटरपर्यंतच मिळतो. पुणे–मुंबई अंतर त्याहून जास्त असूनही इथे पास चालतो, ही जुनी सवलत आहे आणि इथले प्रवासी तिच्याबाबत नेहमी सावध असतात.

ही भीती निराधार नाही. जून 2014 मध्ये रेल्वेने प्रवासभाडे 14.2 टक्के वाढवले आणि त्याबरोबर पासाचा आधार पंधराऐवजी तीस फेऱ्यांचा करायचे ठरवले. म्हणजे पास एका रात्रीत दुपटीहून महाग होणार होता. मुंबई आणि उपनगरांत गदारोळ उठला, खासदार रेल्वेमंत्री सदानंद गौडा यांना भेटले आणि वाढ लागू होण्याच्या आदल्या दिवशी, 24 जूनला, पंधरा फेऱ्यांचा हिशेब कायम ठेवल्याची घोषणा झाली. त्यानंतर जानेवारी 2020 आणि जुलै 2025 मध्ये भाडेवाढ झाली तेव्हा पास वगळले गेले. मुंबईतल्या पासाला हात लावणे किती महागात पडते हे दिल्लीला 2014 मध्ये कळले, असे म्हणायला हरकत नाही.

पण या स्वस्ताईची दुसरी बाजू आहे आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. प्रवाशाकडून सरासरी 57 टक्केच खर्च वसूल होतो, असे रेल्वे तिकिटावर छापत आली. पासधारक तर त्या हिशेबात तोट्याचे गिऱ्हाईक. त्यामुळे त्याच्या नावावर नवी गाडी सुरू होत नाही, आणि गाडीचा रेक (डब्यांचा संच) बदलला, डबे कमी-जास्त झाले की पासधारकांच्या डब्याचे काय, ही चिंता प्रत्येक वेळी नव्याने करावी लागते. पास असला तरी आरक्षित डब्यात बसता येत नाही आणि वंदे भारतमध्ये तो चालत नाही. उशिराबद्दल तर त्याला काहीच मिळत नाही. आरक्षित तिकीटवाल्याची गाडी तीन तासांहून जास्त लेट झाली आणि त्याने प्रवासच केला नाही, तर पूर्ण पैसे परत मिळतात. पुणे–मुंबईचा अख्खा प्रवासच सव्वातीन तासांचा. या मार्गावर रोज होणारा वीस मिनिटे, चाळीस मिनिटे, सव्वा तास असा उशीर कुठल्याच नियमात बसत नाही. तो फक्त कचेरीच्या हजेरीपटावर दिसतो. ठरावीक लेट मार्क साठले की एक किरकोळ रजा जाते. आजारपणासाठी, मुलाच्या शाळेसाठी राखून ठेवलेल्या रजा अशा कल्याणच्या बाहेर सिग्नलला संपतात.

कल्याण म्हटले ते उगाच नाही. घाट वेळ खातो, पण तो किती खाणार हे ठरलेले असते आणि वेळापत्रकात धरलेले असते. अनिश्चितता सुरू होते ती घाट उतरल्यावर. कर्जतपासून पुढे एक्स्प्रेस आणि लोकल एकाच रुळांवर येतात, आणि कल्याणला नाशिकची बाजू येऊन मिळते. सकाळी आठ ते दहा या वेळेत मुंबईकडे येणारी प्रत्येक लोकल खच्चून भरलेली असते. एक लोकल पाच मिनिटे अडखळली तर तिच्या मागे सगळी रांग लागते. मग नियंत्रकाने कोणाला पुढे काढायचे? एक्स्प्रेसला काढले तर बदलापूर–अंबरनाथच्या फलाटावरची गर्दी फुगते, लोकलला काढले तर पुण्याचे लोक सिग्नलला उभे. 2 जानेवारी 2015 रोजी ठाकुर्लीजवळ बिघाड होऊन लोकल खोळंबल्या तेव्हा दिवा स्थानकात प्रवाशांचा उद्रेक झाला आणि तासन् तास गाड्या बंद राहिल्या. 9 जून 2025 ला मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकणारे प्रवासी खाली पडून जिवाला मुकले. लोकलच्या प्रवाशाला हटवून आमची गाडी पुढे काढा, अशी मागणी पुणेकर पासधारकाने करू नये. दोघेही एकाच अपुऱ्या मार्गाचे बळी आहेत.

उपाय फार पूर्वीच कागदावर आला होता. लांबच्या गाड्यांसाठी स्वतंत्र पाचवी आणि सहावी मार्गिका हे काम मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात, 2008 मध्ये, मंजूर झाले. त्यातला ठाणे–दिवा हा काही किलोमीटरचा तुकडा फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झाला. चौदा वर्षे! या काळात कितीतरी लोक नोकरीला लागून मधल्या वयाचे झाले.

पाऊस हा वेगळा अध्याय. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हाच्या आठवणी डब्यात अजून निघतात. पण पुण्याच्या माणसाचे खरे हाल 2019 मध्ये झाले. त्या पावसाळ्यात बोरघाटात दरडी कोसळत राहिल्या. ऑक्टोबरमध्ये मंकी हिल ते नागनाथ या भागात मार्गाखालचा भरावच खचला आणि दुरुस्ती पुढचे काही महिने चालली. गाड्या एक-दोन दिवसांसाठी नव्हे, आठवडेच्या आठवडे रद्द होत्या. हातात त्रैमासिक पास आणि प्रवास शिवनेरीने किंवा वाटून घेतलेल्या मोटारीने, असा दुहेरी खर्च अनेकांनी सोसला. द्रुतगती मार्ग 2002 मध्ये पूर्ण झाल्यापासून रस्त्याचा पर्याय आहे खरा, पण महिनाभर तो परवडणारे लोक मुळात अप-डाउन करत नाहीत.

नाशिकचे दुःख थोडक्यात असेच. त्या वाटेवरचा थळघाट 1865 मध्ये खुला झाला, तिथेही चढ 37 ला एक. 1975 पासून धावणारी पंचवटी एक्स्प्रेस ही तिथल्या चाकरमान्यांची डेक्कन क्वीन, आणि तिच्यातल्या एका पासधारक डब्याने स्वच्छतेचे आणि शिस्तीचे स्वतःचे नियम घालून घेतले, याचे कौतुक पुण्याच्या डब्यातही होते.

मार्च 2020 मध्ये गाड्या थांबल्या आणि घरून काम सुरू झाले, तेव्हा अप-डाउन संपले असे अनेकांना वाटले. आयटीतल्या काहींचे संपलेही. मंत्रालय, न्यायालय, रुग्णालय, बँकेचा काउंटर इथे काम करणाऱ्यांना मात्र खुर्चीवर बसावेच लागते, आणि ते परत आले. दरम्यान डेक्कन क्वीनला काचेचा विस्टाडोम डबा लागला, जून 2022 मध्ये एलएचबी म्हणजे नव्या बनावटीच्या डब्यांचा रेक आला. फेब्रुवारी 2023 मध्ये सुरू झालेली सोलापूर वंदे भारत बँकरशिवाय घाट चढते, म्हणजे यंत्राच्या बाजूने मार्ग निघू शकतो हे सिद्ध झाले. हे तंत्र पास चालणाऱ्या गाडीत आले तर कर्जतचा थांबा आणि बँकरची वाट पाहणे दोन्ही वाचेल. पुणे–लोणावळा तिसऱ्या आणि चौथ्या मार्गिकेची मागणी जुनीच आहे. कुर्ला ते सीएसएमटी पाचवी-सहावी मार्गिका 2008 च्या त्याच मंजुरीतली, आणि कुर्ल्यापासून परळपर्यंतचा तुकडा आधी, परळच्या पुढचा नंतर, असे तिचेही तुकडे पाडलेले आहेत. तोपर्यंत कुर्ल्याच्या पुढे आलेली पुण्याची गाडी लोकलच्या रुळांवरच जागा मिळण्याची वाट पाहत उभी राहील, आणि डब्यातले लोक दादरलाच उतरून लोकलने पुढे जावे का, याचा रोजचा निर्णय रोज नव्याने घेतील.