गोडवा गेला, मध राहिला

घरात महाबळेश्वरचा जांभळाचा मध असेल तर आधी एक करून बघा. नाक चिमटीत घट्ट धरा आणि अर्धा चमचा मध जिभेवर ठेवा. गोड लागेल, थोडंसं आंबट लागेल, बस्स. साखरेचा पाक दिला असता तरी साधारण एवढंच कळलं असतं. आता मध तोंडात असतानाच नाक सोडा. घशामागून एक वास वर चढतो, आणि जांभूळ, मेण, रान असं सगळं एकदम ओळखू येतं.

आपण ज्याला मधाची चव म्हणतो, त्यातला गोडवा तेवढा जिभेचा असतो. बाकी सगळा मध नाकाचा. हे एकदा स्वतःच्या तोंडात पटलं की मीड चाखायला बसावं. मीड म्हणजे पाण्यात कालवून आंबवलेला मध, आणि आंबवताना यीस्ट नेमका जिभेचा वाटा खाऊन टाकतं.

नाव परकं वाटतं, पण मीड आणि आपलं 'मधु' हे एकाच प्राचीन मूळ शब्दाची लेकरं आहेत. पुण्याला तर मध नवा नाहीच. केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था १९६२ पासून इथेच आहे, आणि देशातली पहिली मीडरी, म्हणजे मीड बनवणारा कारखाना, म्हणून ओळखली जाणारी मूनशाईनही २०१८ साली पुण्यातच सुरू झाली.

मधात सुमारे ८० टक्के साखर आणि १७ ते २० टक्के पाणी असतं. इतक्या दाट पाकात यीस्ट वाढूच शकत नाही, कारण त्याच्या पेशीतलंच पाणी बाहेर ओढलं जातं. मुरांबा टिकतो तो याच कारणानं. पाणी घालून मध पातळ केला की मात्र यीस्टला मोकळं रान मिळतं. एक लिटरमधली साधारण १७ ग्रॅम साखर खाल्ली गेली की १ टक्का अल्कोहोल तयार होतं. म्हणजे १२ टक्क्यांच्या मीडसाठी लिटरमागे पाव किलो मध लागतो. तो सगळा पचला तर साखर जवळजवळ उरतच नाही. अशा मीडला ड्राय म्हणतात.

ड्राय मीडचा पहिला घोट बहुतेकांना चकवतो. कोथरूडला आमच्या घरी चारपाच जणी बसलो होतो. मैत्रिणीनं ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटून हसली, घोट घेतला आणि माझ्याकडे बघत राहिली. "अगं, वास मधाचा आणि मध कुठाय?" मीडबद्दल याहून नेमका प्रश्न मी ऐकलेला नाही. तिच्या नाकानं गोडाचं वचन दिलं होतं आणि जिभेला ते मिळालं नव्हतं. तिसऱ्या घोटाला ती गोड शोधायचं थांबली, आणि मग तिला फूल सापडलं.

वास टिकवणं हेच मीड करणाऱ्याचं खरं कसब. आंबताना सुटणारा कार्बन डायऑक्साईड बुडबुड्यांबरोबर हलके सुवास उडवून नेतो. शिवाय मधात साखर भरपूर असली तरी नायट्रोजन फार कमी असतो, आणि यीस्टला वाढायला तो लागतोच. उपाशी राहिलेलं यीस्ट हायड्रोजन सल्फाईड सोडतं, म्हणजे सडक्या अंड्याचा वास. मी विकत आणलेल्या एका बाटलीत तो आला तेव्हा वाईट वाटलं. वास अगदी पुसट होता, म्हणून ग्लास गोल फिरवून दहा मिनिटं तसाच ठेवला. तो बराचसा उडाला आणि खालून संत्र्याच्या फुलासारखं काहीतरी वर आलं. नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास आला तर गोष्ट वेगळी. तो इथाइल ॲसिटेटचा असतो, आणि जास्त असेल तर वाट बघून फारसा फरक पडत नाही. व्हिनेगरचा वास आला तर ती बाटली खुशाल बाजूला ठेवा.

जिभेलाही काम आहे, आणि इथे आपली भाषा मदतीला येते. जांभूळ किंवा सुपारी खाल्ल्यावर जीभ आखडते, त्याला आपल्याकडे 'तुरट' असा स्वतंत्र शब्द आहे. अशा फळांतलं टॅनिन नावाचं द्रव्य लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड कोरडं पडतं. तेच तुरट. आयुर्वेदात तर मधाच्याच अंगी गोडामागून तुरट सांगितलं आहे. गोड मीडमध्ये थोडा आंबटपणा आणि थोडा तुरटपणा नसेल तर ते दुसऱ्या घोटालाच सपक, चिकट वाटतं, मग मध कितीही उंची असो.

बीजेसीपी ही बिअर आणि मीडच्या परीक्षकांना प्रमाणपत्र देणारी संस्था. स्पर्धांमध्ये वापरल्या जाणाऱ्या तिच्या गुणपत्रिकेत मीडला ५० पैकी गुण देतात: गंधाला १०, रूपाला ६, चवीला २४ आणि एकूण परिणामाला १०. मला रूपाचे ६सुद्धा जास्त वाटतात. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या, फ्रान्समधल्या बोर्दोच्या एका प्रयोगात ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाईन लाल रंग घालून दिली, तर त्यांनी तिचं वर्णन लाल वाईनच्या शब्दांत केलं. डोळा नाकाला असा शिकवून ठेवतो. म्हणून आम्ही ग्लासांना कागद गुंडाळून वर फक्त आकडे लिहितो, आणि प्रत्येकीनं आपापलं लिहून होईपर्यंत कुणी बोलायचं नाही.

फार गार मात्र देऊ नका. कुल्फी वितळली की जास्त गोड लागते ना? गोड ओळखणाऱ्या पेशी थंडीत मंदावतात, आणि सुवासही द्रवातून कमी सुटतात. फ्रिजमधून काढून पंधरावीस मिनिटं बाहेर ठेवलेलं मीड जास्त बोलतं. ग्लास लिंबाच्या वासाच्या साबणानं घासलेला नको, आणि शेजारी फोडणी किंवा उदबत्ती तर मुळीच नको. मधे तोंड साफ करायला पाणी आणि कोरड्या पोळीचा तुकडा पुरतो.

रिकामा ग्लास लगेच घासायला टाकू नका. रात्रभर तसाच ओट्यावर ठेवा. सकाळपर्यंत अल्कोहोल उडून जातं, हलके सुवास जातात, आणि फिनाइल ॲसेटिक आम्लासारखी सावकाश उडणारी, मधाच्याच वासाची द्रव्यं काचेला धरून राहतात. चहा टाकायच्या आधी त्यात नाक घाला. चांगलं मीड असेल तर तळाशी पोळ्याचं मेण वासाला येतं.