संवर्धन प्राधिकरण (ओंटारिओ)

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात एका नदीखोऱ्यातील नगरपालिकांनी मिळून चालवलेली संस्था. पूर, जमिनीची धूप आणि ओढ्याकाठची बांधकामे यांवर तिचे नियंत्रण असते. प्रांतात अशी ३६ प्राधिकरणे असून त्यांपैकी ३१ दक्षिण भागात आहेत. त्यांची हद्द शहराच्या वेशीवर थांबत नाही, पाणलोटावरून ठरते.

मूळ कायदा १९४६ चा. त्या वेळची चिंता केवळ पुराची नव्हती. जंगलतोडीने ओसाड झालेली जमीन आणि युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांचा रोजगार हे प्रश्नही पुढे होते. प्राधिकरण हवे असल्यास खोऱ्यातील नगरपालिकांनीच ठराव करून मागणी करायची आणि खर्चाचा वाटा उचलायचा, असा नियम ठेवला गेला.

१५ ऑक्टोबर १९५४ च्या रात्री हेझेल चक्रीवादळ टोरांटोवर आले. आधीच्या पावसाने जमीन तुडुंब भिजलेली होती, त्यामुळे पडलेले पाणी सरळ ओढ्यांत गेले. ओंटारिओत ८१ बळी गेले. त्यांतले ३५ हंबर नदीकाठच्या रेमोर ड्राइव्ह या एकाच रस्त्यावरचे. तिथे पुन्हा घरे बांधू दिली नाहीत. आज त्या जागी रेमोर पार्क हे उद्यान आहे.

शहाणपण सुचले ते इथे. १९५७ मध्ये टोरांटो परिसरातील चार प्राधिकरणे एकत्र करण्यात आली. पुढच्या आराखड्यात धरणे बरीच होती, प्रत्यक्षात मोजकीच झाली. क्लेअरव्हिल आणि जी. रॉस लॉर्ड ही त्यांतली. खरा परिणाम साधला तो नदीकाठची जमीन विकत घेण्याने. टोरांटोच्या दऱ्यांमधून मैलोन्‌मैल हिरवे पट्टे दिसतात, ते नुसत्या सौंदर्यदृष्टीतून आलेले नाहीत. पुराला पसरायला ठेवलेली ती जागा आहे.

उरलेल्या पूरक्षेत्रात भराव टाकण्यास वा बांधकामास प्राधिकरणाचा परवाना लागतो. महाराष्ट्रात निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुरावरून आखतात. दक्षिण ओंटारिओच्या बऱ्याच भागात मात्र हेझेलचाच पाऊस त्या खोऱ्यावर पडला तर पाणी कुठवर चढेल, हे गणित करून रेषा ओढली जाते. संभाव्यतेच्या आकड्याशी हुज्जत घालता येते. लोकांनी डोळ्यांनी पाहिलेला पूर नाकारणे अवघड जाते.

मंडळावरील सदस्य नगरपालिका नेमतात आणि जागा साधारणपणे लोकसंख्येनुसार मिळतात. टोरांटोच्या प्राधिकरणात नऊ पाणलोट क्षेत्रे येतात. त्यात टोरांटो महानगराबरोबरच हंबरच्या उगमाकडची मोनो आणि अजाला-टोसोरोंटिओ ही छोटी गावेही आहेत. वरच्या गावात काँक्रीट वाढले की पाणी खालच्या शहरात शिरते, पण वरच्या गावाला ते रोखण्यात स्वतःचा काहीच फायदा नसतो. हा तिढा सामाईक परवान्याने आणि सामाईक वर्गणीने पुष्कळसा सुटतो.

शहरातली पावसाळी गटारे मात्र नगरपालिकांकडेच राहिली. ८ जुलै २०१३ रोजी टोरांटोच्या विमानतळावर १२६ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तळघरे गटारांच्या पाण्याने भरली आणि डॉन नदीच्या दरीत एक लोकल गाडी प्रवाशांसह पाण्यात अडकली. २०२२ च्या कायदेबदलाने नव्या बांधकाम प्रस्तावांवरचे प्राधिकरणांचे अभिप्राय मुख्यतः पूर, धूप अशा नैसर्गिक धोक्यांपुरते मर्यादित केले. घरबांधणीला वेग देण्यासाठी हे पाऊल उचलल्याचे प्रांत सरकारने सांगितले, तर अनेक नगरपालिकांनी आणि पर्यावरण संघटनांनी त्याला विरोध केला.