यादीत नसलेला शब्द

पुढचे बारा शब्द एकदाच, सावकाश वाचा. वाचून झाले की पुन्हा वर पाहायचं नाही.

अंथरूण, उशी, जांभई, रात्र, स्वप्न, थकवा, पांघरूण, घोरणं, जाग, विश्रांती, डुलकी, पेंग.

झाले वाचून? मग यादी राहू द्या तिथेच, तिच्याकडे नंतर येऊ.

मानसशास्त्राच्या पहिल्या तासाला कुणीच कोरी पाटी घेऊन येत नाही. अणूबद्दल बहुतेकांचं काही ठाम मत नसतं. मनाबद्दल मात्र असतंच, कारण ते जन्मापासून सोबत आहे आणि आतून दिसतंय असं वाटतं. डाव्या मेंदूची माणसं हिशेबी, उजव्या मेंदूची कलावंत. आठवण म्हणजे डोक्यात जपून ठेवलेली चित्रफीत. हे सगळं इतक्यांदा कानावर पडलेलं असतं की पहिल्यांदा कुठे ऐकलं तेही सांगता येत नाही. शिकवणाऱ्यानं फळ्यावर ‘हे चूक’ असं लिहिलं, तर ते वहीत उतरतं, परीक्षेत बरोबर लिहिलंही जातं, आणि मनातली समजूत होती तिथेच राहते.

काही समजुती तशा लवकर सुटतात. माणूस मेंदूचा दहाच टक्के भाग वापरतो, ही त्यातलीच. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे 2 टक्के असतं, पण विश्रांतीच्या वेळीसुद्धा शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी 20 टक्क्यांच्या आसपास ऊर्जा तो खातो. नव्वद टक्के भाग नुसता पडून असता, तर एवढा खर्च शरीरानं कशाला सोसला असता? मेंदूच्या लहानशा भागाचा रक्तपुरवठा तुटला तरी बोलणं जाऊ शकतं, हात लुळा पडू शकतो. एवढं सांगितलं की वर्गाला पटतं.

आठवणीचं तसं नाही. तिथे आपली आतली खात्रीच आडवी येते, म्हणून मला वाटतं की आधी व्याख्या सांगू नये, आधी ती खात्री वर्गात सर्वांदेखत चुकू द्यावी.

आता वर न पाहता सांगा. यादीत ‘पांघरूण’ होतं का? ‘डोंगर’? आणि ‘झोप’?

‘झोप’ नव्हतं. ‘होतं’ असं वाटलं असेल, तर तुमच्या स्मरणशक्तीत काही बिघाड नाही. अशा याद्यांचं काम जेम्स डीझ यांनी 1959 मध्ये केलं, आणि 1995 मध्ये हेन्री रोडिगर व कॅथलीन मॅकडरमॉट यांनी ते नव्यानं पुढे आणलं. त्यांच्या पहिल्या प्रयोगात यादीत नसलेला तो मधला शब्द 40 टक्के वेळा लोकांनी आठवून लिहिला, आणि पुष्कळांना तो ऐकल्याची पक्की खात्री होती. मेंदू शब्द एकेक करून साठवत नाही, त्यांचा अर्थ धरतो. बारा शब्द बारा दिशांनी एकाच अर्थाकडे बोट दाखवत होते. आठवताना तो अर्थही उमटतो, आणि आपण तो वाचलेला शब्दच समजतो.

यादीपुरतं हे गमतीचं आहे, साक्षीदाराच्या बाबतीत मात्र नाही. 1974 मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी 150 विद्यार्थ्यांना मोटार अपघाताची छोटी चित्रफीत दाखवली. गाड्यांचा वेग विचारताना पन्नास जणांना ‘एकमेकींना धडकल्या तेव्हा’ असं विचारलं, दुसऱ्या पन्नास जणांना ‘आदळून चुराडा झाला तेव्हा’ अशा जोरकस शब्दात, आणि उरलेल्यांना वेगाचं काहीच विचारलं नाही. आठवड्यानं प्रश्न आला: फुटलेली काच दिसली होती का? चित्रफितीत काच फुटलेलीच नव्हती. ‘धडकल्या’ ऐकलेल्यांपैकी 7 जण ‘हो’ म्हणाले, ‘चुराडा’ ऐकलेल्यांपैकी 16. प्रश्नातलं एक क्रियापद त्यांच्या आठवणीत जाऊन बसलं होतं. यातलं कुणी खोटं बोलत नव्हतं, आणि वर्गाला नेमकं हेच कळायला हवं.

हीच आतली खात्री विद्यार्थ्याच्या रोजच्या अभ्यासातही घुसते. धडा चौथ्यांदा वाचताना ओळी ओळखीच्या वाटतात आणि ‘आलं आपल्याला’ असं वाटतं. रोडिगर यांनीच जेफ्री कार्पिके यांच्याबरोबर 2006 मध्ये हे तपासलं. एका गटानं उतारा चार सत्रांत फक्त वाचला. दुसऱ्यानं पहिल्या सत्रात वाचला आणि उरलेली तीन सत्रं तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर वाचणाऱ्यांना 40 टक्के मजकूर आठवला, लिहिणाऱ्यांना 61 टक्के. आठवड्यानं आपल्याला किती आठवेल, याचा अंदाज दोन्ही गटांकडून आधीच घेतला होता. त्यात जास्त खात्री होती ती नुसतं वाचणाऱ्यांना.