शेवट कलमाच्या हातात

वर्तमानपत्रात आत्महत्यांच्या बातम्या आहेत. कारण कुठल्याच बातमीत दिलेलं नाही. व्हायोलिनवादक पाउल क्योर्नरला ते न सांगता कळतं. त्याच्या डोळ्यांपुढून एक मिरवणूक सरकू लागते. त्यात ऑस्कर वाइल्ड आहे, चायकोव्स्की आहे, बव्हेरियाचा राजा लुडविग आहे, आणि सगळ्यांच्या डोक्यावर एक तलवार लटकते आहे. तलवारीवर लिहिलंय : कलम १७५.

हा मूकपट १९१९चा, बर्लिनचा. नाव 'आन्डर्स आल्स दी आन्डर्न', म्हणजे 'इतरांपेक्षा वेगळा'. जगभरातले चांगले समलिंगी चित्रपट कुठले, असं कुणी विचारलं की मी सुरुवात इथून करायला सांगतो. तो सगळ्यात सुंदर आहे म्हणून नव्हे, तर पुढच्या शंभर वर्षांची गोष्ट त्यात आधीच आहे म्हणून. अशा गोष्टीचा शेवट दिग्दर्शकाच्या हातात फार क्वचित होता. तो बहुतेक वेळा कुठल्यातरी कलमाने ठरवला.

कलम १७५ हे जर्मन दंडसंहितेतलं. दोन पुरुषांमधला शरीरसंबंध त्याने १८७१पासून गुन्हा ठरवला होता. पोलिसांपेक्षा या कलमाचा फायदा खंडणीखोरांना जास्त झाला. क्योर्नरलाही असाच एकजण गाठतो, पैसे उकळत राहतो. शेवटी क्योर्नर त्याला कोर्टात खेचतो, तर शिक्षा त्याला स्वतःलाही होते. नाव जातं, मैफली जातात, आणि मग तो विष घेतो. दिग्दर्शक रिखार्ड ओस्वाल्ड यांच्याबरोबर पटकथा लिहिणारे लैंगिकतेचे अभ्यासक डॉ. मॅग्नुस हिर्शफेल्ड स्वतः चित्रपटात डॉक्टर म्हणून दिसतात. शेवटच्या दृश्यात कायद्याचं पुस्तक उघडतं आणि एक हात कलम १७५ वर फुली मारतो. प्रत्यक्षात ती फुली पडायला १९९४ उजाडलं!

हा चित्रपट निघाला, कारण १९१८च्या नोव्हेंबरात सम्राट कैसर पायउतार झाला आणि त्याच्याबरोबर सेन्सॉरही गेलं. १९२०मध्ये सेन्सॉर परत आलं, आणि हा चित्रपट फक्त डॉक्टर-वकिलांपुरता उरला. १९३३च्या मे महिन्यात नाझींनी हिर्शफेल्डची संस्था लुटली, तिथली पुस्तकं चौकात जाळली. आज आपल्याला जे पाहायला मिळतं ते उरलेले तुकडे आहेत, मधल्या जागा छायाचित्रांनी आणि पाट्यांनी भरलेल्या. क्योर्नरचं काम करणारा कॉनराड फाइट जर्मनीतून बाहेर पडला. 'कॅसाब्लांका'मधला तो नाझी मेजर आठवतो? तोच हा.

त्याच बर्लिनच्या काळातला, १९३१चा 'मेडशेन इन उनिफॉर्म'. मुलींचं कडक वसतिगृह, शिक्षिकेवर जीव जडलेली मान्युएला. मूळ नाटकात ती उडी मारून मरते. चित्रपटात मैत्रिणी जिन्यावर धावत येतात आणि तिला मागे ओढतात. हा शेवट त्या काळात किती दुर्मीळ होता ते पुढची तीस वर्षं पाहिली की कळतं.

कारण १९३४पासून हॉलिवूडने हेज संहिता, म्हणजे चित्रपटांसाठीची आपली नियमावली, कडक केली. 'लैंगिक विकृती'चा नुसता सूचक उल्लेखही त्यात वर्ज्य होता. लिलियन हेलमनचं एक नाटक होतं : दोन शिक्षिकांचं एकमेकींशी 'तसलं' नातं आहे, अशी एक विद्यार्थिनी अफवा उठवते. १९३६मध्ये विल्यम वायलरने त्यावर चित्रपट काढला तेव्हा हेलमननेच अफवा बदलून दिली. आता संशय होता एका पुरुषावरून. नाटकाचा गाभा काढून घेतला आणि नाटक तेवढं राहिलं. संहिता सैलावली तेव्हा, १९६१मध्ये, वायलरने तोच चित्रपट मूळ अफवेसकट पुन्हा केला. शर्ली मॅक्लेनच्या तोंडी कबुली आली. आणि कबुलीपाठोपाठ गळफास.

त्याच वर्षी इंग्लंडात 'व्हिक्टिम' आला. पुन्हा खंडणी, पुन्हा एक मुलगा कोठडीत जीव देतो. फरक एवढाच की डर्क बोगार्डने रंगवलेला बॅरिस्टर फार पळत नाही. त्याच्या गॅरेजच्या दारावर कुणीतरी मोठ्या अक्षरांत शिवी रंगवून जातं. तो ती वाचतो आणि साक्ष द्यायची ठरवतो. या चित्रपटानंतर सहा वर्षांनी इंग्लंड-वेल्समधला कायदा बदलला. त्याच इंग्रजांनी १८६०मध्ये आपल्याला दिलेलं तसलंच कलम ३७७ जायला मात्र आणखी ५१ वर्षं लागली.

आता सुखांताबद्दल. ई. एम. फॉर्स्टर यांनी 'मॉरिस' ही कादंबरी १९१३-१४मध्ये लिहिली आणि आयुष्यभर पेटीत ठेवली. त्यांनी नंतर जोडलेल्या टिपणात एक कडवट गोष्ट आहे : नायकाला फासावर लटकवलं असतं तर छापायला अडचण आली नसती. अडचण होती ती दोघं सुखात राहतात याची. कादंबरी फॉर्स्टर गेल्यावर, १९७१मध्ये आली. तिच्यावरचा १९८७चा चित्रपट जेम्स आयव्हरींचा, आणि निर्माता होता आपल्या मुंबईत जन्मलेला इस्माईल मर्चंट. ज्यांना या वाटेवर एकच जुना चित्रपट पाहायचाय त्यांनी हा पाहावा. संथ आहे, पण सोडू नका.

आपल्याकडे हा विषय आधी रंगभूमीवर आला. तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'मधली सुमित्रा देव रोहिणी हट्टंगडींनी उभी केली. तिचाही शेवट बर्लिनच्या क्योर्नरसारखाच. १९८२च्या 'उंबरठा'त महिलाश्रमातल्या दोघींचं प्रेम येतं, पण आश्रमाची एक समस्या म्हणून. हिंदीत १९७१चा 'बदनाम बस्ती' तर विस्मरणातच गेला होता. त्याची प्रिंट २०१९मध्ये सापडली. कुठे? बर्लिनच्या एका संग्रहात.

दीपा मेहतांच्या 'फायर'मध्ये राधाच्या साडीला आग लागते, पण ती जळत नाही. बाहेर पडते, पावसात आपल्या प्रेयसीला भेटते. सेन्सॉरने पास केलेल्या या चित्रपटाच्या खेळांवर डिसेंबर १९९८मध्ये मुंबईत शिवसैनिकांनी हल्ले केले. चित्रपट पुन्हा सेन्सॉरकडे गेला आणि कुठलीही काटछाट न होता परत आला. मला नेहमी वाटतं, त्या दोघी शेवटी जळून मेल्या असत्या तर एवढा दंगा झाला नसता.

हा नुसता तर्क नाही. केनियात तर हे उघडच म्हटलं गेलं. वानुरी काहिऊचा 'रफीकी' २०१८मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात निवडला गेला. केनियाच्या चित्रपटाला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. रफीकी म्हणजे स्वाहिलीत मित्र, आपल्या ओळखीच्या 'रफीक'चाच भाऊबंद. नैरोबीतल्या दोन मुली, रंगीबेरंगी केस, फुटबॉल, बापांचं राजकारण. केनियाच्या सेन्सॉर मंडळाला मुलींच्या प्रेमाइतकाच शेवटातला आशेचा सूर खटकला. तो बदलायला सांगितलं, दिग्दर्शिकेने नकार दिला, बंदी आली. सप्टेंबरमध्ये कोर्टाने सात दिवसांपुरती बंदी उठवली, आणि नैरोबीत थिएटरं भरली. त्याच महिन्याच्या ६ तारखेला दिल्लीत ३७७चा निकाल लागला होता. दोन्ही देशांतली कलमं एकाच इंग्रजी मुळाची. केनियातलं अजून पुस्तकात आहे.

वाँग कार-वाईचा 'हॅपी टुगेदर', 'मूनलाइट', 'पोर्ट्रेट ऑफ अ लेडी ऑन फायर' यांची शिफारस इतरत्र भरपूर झालेली आहे, ती इथे उगाळत नाही. एवढंच, की यांत कुणी मरून शिक्षा भोगत नाही. माणसं दुरावतात, थकतात, पुन्हा भेटतात, जशी इतर प्रेमकथांत.

आणि मग रोहन कानवडेचा 'सबर बोंडं'. २०२५मध्ये सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांचा सर्वोच्च पुरस्कार या मराठी चित्रपटाला मिळाला. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी आनंद मुंबईहून गावी येतो. नातेवाइकांचा एकच धोशा : लग्न कधी? गावातला बालमित्र बाळ्याही त्याच कात्रीत सापडलेला. इथे खंडणीखोर नाही, कोर्ट नाही, शेजाऱ्यांची दगडफेक नाही. आईला पोराचं ठाऊक आहे, आणि तिला त्याचं भांडवल करायचं नाही. निवडुंगाची ती लाल फळं काटे काढून हातात देणं, एवढ्यात दिग्दर्शक जे सांगायचं ते सांगतो.

शेवट काय होतो ते सांगत नाही. पाहा.