खंदकातली पंगत

सातारा-रत्नागिरीकडच्या जुन्या गावांत चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत बसवलेली एक दगडी पाटी कधीकधी दिसते. मजकूर इंग्रजीत आणि बहुतेक ठिकाणी एकाच साच्यातला: या गावातून इतके जण 1914-1919 च्या मोठ्या लढाईत गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. नाव एकाचंही नाही.

त्यातले बरेच जण गेले ते आजच्या इराकमध्ये, जो तेव्हा तुर्की साम्राज्याचा भाग होता. नोव्हेंबर 1914 मध्ये बसऱ्याच्या बाजूला इंग्रजांची जी फौज उतरली तिचं नावच सहावी पूना डिव्हिजन होतं. 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी या डिव्हिजनमध्ये लढल्या. वर्षभर तैग्रिस नदीच्या काठाने वर सरकत ही फौज बगदादच्या जवळ पोचली आणि नोव्हेंबर 1915 मध्ये टेसिफॉनला अडली. तिथे साडेचार हजारांच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली. उरलेले माघारी फिरले, 3 डिसेंबरला नदीच्या एका वळणातल्या कूत-अल-अमारा या गावात थांबले, आणि चार दिवसांत तुर्कांनी त्यांना वेढलं. वेढा उठलाच नाही. 29 एप्रिल 1916 ला उपासमारीने टेकीला येऊन सेनापती चार्ल्स टाउनशेंडने सुमारे 13 हजार माणसांसह शरणागती पत्करली.

लष्करी इतिहासात या वेढ्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय, बहुतेक सेनापतीच्या चुकांबद्दल. मला त्यातलं जेवण महत्त्वाचं वाटतं. सैनिक आणि समाज यांचं नातं काय असतं हे कूतमधल्या ताटांवरून जितकं स्पष्ट कळतं तितकं मोठमोठ्या सिद्धान्तांतूनही कळत नाही.

आधी वैद्यकीय भाग, कारण तो फार चमत्कारिक आहे. एकाच गावात, एकाच वेढ्यात अडकलेल्या दोन गटांना दोन वेगळे आजार झाले. गोऱ्या सैनिकांना बेरीबेरी, म्हणजे पाय सुजणं, बधिरपणा, हृदय कमजोर होणं. हिंदी सैनिकांना स्कर्व्ही, म्हणजे हिरड्या सुजून रक्त येणं, जुन्या जखमा पुन्हा उघडणं. गोऱ्यांचा पाव मैद्याचा. मैदा करताना कोंडा जातो आणि त्याबरोबर ब-1 जीवनसत्त्व जातं, म्हणून बेरीबेरी. पण ते जनावरांचं ताजं मांस खात होते, त्यातून थोडंफार क जीवनसत्त्व मिळत होतं, म्हणून स्कर्व्हीपासून वाचले. हिंदी शिपायाचं उलटं. त्याला कोंड्यासकट दळलेला आटा आणि सातू मिळत होतं, म्हणून बेरीबेरी नाही. पण भाजीपाला संपलेला आणि ताजं मांस वर्ज्य, म्हणून स्कर्व्ही. पुढे मैदा संपला, गोऱ्यांनाही आटा आणि सातूची भाकरी मिळू लागली, आणि त्यांची बेरीबेरी हटली! त्या वेळी जीवनसत्त्व हा शब्द जेमतेम चार वर्षांचा होता. ब-1 वेगळं काढायला 1926 उजाडलं आणि क ओळखायला त्यानंतर आणखी काही वर्षं गेली. छावणीतल्या डॉक्टरांना हा फरक दिसत होता, पण त्यामागचं नेमकं द्रव्य त्यांच्या हाती नव्हतं.

आता हिंदी शिपायांना मांस वर्ज्य का होतं? जानेवारीच्या अखेरीस तोफा ओढणारी आणि घोडदळाची जनावरं कापायला सुरुवात झाली, म्हणजे हे मांस घोड्याचं आणि खेचराचं होतं. ‘हिंदी माणूस शाकाहारी’ असा साहेबी समज इथे चालत नाही. मराठा पलटणींत दख्खनी मराठे, कोकणी मराठे आणि दख्खनी मुसलमान होते, आणि त्यांतल्या बहुतेकांना बोकडाचं मटण म्हणजे सणच. पण दसऱ्याला ज्याला हळदकुंकू लावायचं, खंडोबाचं जे वाहन, ते रश्श्यात कसं घालणार? मुसलमान शिपायांनाही घोड्याचं मांस पसंत नव्हतं. बाकी पलटणींतही हीच कथा.

टाउनशेंडने बिनतारी संदेश पाठवून हिंदुस्थानातल्या पंडितांकडून आणि मौलवींकडून परवानगी मागवली. ती आली: संकटकाळ आहे, खाल्लं तर दोष नाही. तरीही बहुतेकांनी खाल्लं नाही.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे. प्रश्न नुसता धर्माचा असता तर धर्माधिकाऱ्याच्या शब्दाने सुटला असता. शिपायाला भीती होती ती घरी गेल्यावरची. गावात कळलं तर? पंगतीत पान वेगळं मांडतील. मुलीची सोयरीक कोण करील? परवानगी देणारा पंडित काही गावच्या चावडीवर त्याच्या बाजूने बोलायला येणार नव्हता. आणि कळणार तर होतंच, कारण शेजारी बसून जेवणारा हवालदार बाजूच्याच गावचा, कदाचित भावकीतला. एकाच मुलखातून, एकाच जातीची माणसं उचलून कंपन्या भरायच्या ही इंग्रजांची भरतीची रीत. त्यामुळे पलटणीबरोबर गावकीसुद्धा बोटीत बसून बसऱ्याला आली होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर समाजशास्त्रज्ञांनी ‘सैनिक का लढतो’ या प्रश्नाचं जे उत्तर दिलं ते इथे आठवतं. 1948 मध्ये एडवर्ड शिल्स आणि मॉरिस जॅनोविट्झ यांनी जर्मन युद्धकैद्यांच्या मुलाखतींवरून असं मांडलं, की हरणारं जर्मन सैन्य इतका काळ टिकलं ते नाझी विचारांमुळे कमी आणि आपल्या तुकडीतल्या आठ-दहा जिवाभावाच्या सोबत्यांमुळे जास्त. याला समाजशास्त्रात प्राथमिक गट म्हणतात. माणूस देशासाठी नाही, शेजारच्या खड्ड्यातल्या माणसासाठी लढतो, हे वाक्य तिथून पुढे इतकं रूढ झालं की ते तपासायचीही कुणाला गरज वाटेना. पुढे इतिहासकार ओमर बार्टोव्हने दाखवलं, की रशियाविरुद्धच्या पूर्व आघाडीवर माणसं इतक्या झपाट्याने मरत होती की असे गट टिकूच शकत नव्हते. तिथे विचारसरणी आणि धाक यांचाच जोर होता. धाक किती? दुसऱ्या महायुद्धात जर्मन लष्करी न्यायालयांनी आपल्याच हजारो सैनिकांना देहदंड दिला. पळून गेल्याबद्दल अमेरिकेने प्रत्यक्ष अंमलात आणलेला देहदंड एकच.

महायुद्धाच्या काळातच समाजशास्त्रज्ञ सॅम्युएल स्टाउफर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पाच लाखांहून अधिक अमेरिकन सैनिकांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या. लढत राहायला बळ कशाने मिळतं, या प्रश्नाला सर्वांत जास्त आलेलं उत्तर होतं ‘हे एकदाचं उरकून घरी जायचंय’ अशा अर्थाचं. सोबत्यांचं उत्तर बरंच मागे. पाठ्यपुस्तकांनी मात्र सोबतीच लक्षात ठेवले आणि घर विसरून टाकलं.

कूतमध्ये सोबती आणि घर वेगळे काढताच येत नाहीत. सोबती होता म्हणून शिपाई खंदकात टिकून राहिला, आणि तोच सोबती उद्या गावात साक्षीदार होईल म्हणून उपाशी राहिला. एकाच दोरीची ही दोन टोकं. अशी एकगठ्ठा भरती दुसऱ्या अर्थानेही महाग पडते. त्याच वर्षी, म्हणजे 1916 मध्ये, 1 जुलैला फ्रान्समध्ये इंग्लंडच्या ॲक्रिंग्टन गावच्या मित्रामित्रांची पलटण हल्ल्याला निघाली. सुमारे 720 जणांपैकी 584 जण अर्ध्या तासाच्या आसपास मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले, आणि गल्लीच्या गल्ली सुतकात बुडाली.

बरं, मग कूतमधला बहिष्कार शेवटी मोडला कसा? मार्चअखेरपर्यंत घोडं खाणारे हिंदी शिपाई थोडेच. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांची संख्या पाच हजारांच्या आसपास गेली, आणि आणखी काही दिवसांत नऊ हजारांच्या वर. सेनापतीने दटावलं होतं, न खाणाऱ्या अशक्त अंमलदारांच्या जागी खाणाऱ्यांना बढती देऊ असं सांगितलं होतं, शिवाय रोजचा शिधा मुठीएवढा झाला होता. पण भूक तर रोज थोडीथोडी वाढत होती. संख्या एकदम का उसळली?

मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने 1978 मध्ये मांडलेलं एक साधं गणित इथे चपखल बसतं. प्रत्येक माणसाचा एक उंबरठा असतो: आधी इतक्या जणांनी केलं तर मीही करीन. कुणाचा उंबरठा शून्य, कुणाचा एक, कुणाचा पन्नास. पंगतीत शंभर जण बसलेत आणि त्यांचे उंबरठे शून्यापासून नव्याण्णवपर्यंत ओळीने आहेत असं समजा. पहिला घास घेतो, त्याला पाहून दुसरा, त्या दोघांना पाहून तिसरा, आणि बघता बघता सगळी पंगत जेवते. आता त्यातला फक्त ‘एक’ उंबरठ्याचा माणूस काढून तिथे ‘दोन’वाला बसवा. पहिला जेवेल आणि बाकीचे नव्याण्णव हात आवरून बसतील. माणसं जवळपास तीच, भूक तीच, निकाल पार उलटा. शिवाय कूतमध्ये सगळ्यांनीच खाल्लं की गावाला वाळीत टाकायला वेगळा कुणी उरतच नव्हता. एकट्याने खाणं हे पाप होतं, पण हजारोंनी खाल्लं तर ती फक्त अडचणीच्या काळातली गोष्ट ठरत होती. हे गणित वेढ्यावर मी लावतोय, ग्रॅनोव्हेटरने नाही. त्याचं मुख्य उदाहरण दंगलीचं होतं.

आतापर्यंत एक मोठा गट मी बाजूलाच ठेवला. लष्करी इतिहासही तसंच करतो. कूत हे रिकामं मैदान नव्हतं, तिथे सुमारे सहा हजार अरब गावकरी राहत होते. वेढा पडायच्या वेळी त्यांना हाकलून द्यावं असं टाउनशेंडच्या मनात होतं, म्हणजे तितकी तोंडं कमी. राजकीय अधिकारी पर्सी कॉक्सने अडवलं: कडाक्याच्या थंडीत बायकापोरं उघड्या वाळवंटात मरतील. ते राहिले. मग टाउनशेंडने धान्याचा हिशोब केला तो लष्कराच्या कोठाराचा, गावाच्या घराघरातला नाही. शिधा फार दिवस पुरणार नाही, असा निरोप त्याने बाहेर धाडला. सोडवायला निघालेल्या फौजेने घाई केली, पुरेशी तयारी नसताना चिखलातून हल्ले चढवले आणि माणसं गमावली. जानेवारीच्या उत्तरार्धात घरोघर झडती घेतली तेव्हा इतकं धान्य निघालं, की आपण अजून 84 दिवस तग धरू शकतो असं त्याने कळवलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. चार महिन्यांत या फौजेतले सुमारे 23 हजार लोक 13 हजारांना सोडवताना मारले गेले किंवा जखमी झाले, आणि सोडवता आलं नाहीच.

धान्य सापडलं पण ते दळायचं कशाने? विमानांतून जात्याचे दगड टाकावे लागले. वेढलेल्या फौजेला आकाशातून रसद पुरवण्याचा हा जगातला अगदी पहिल्यांपैकी प्रयत्न.

शरणागतीनंतर इंग्रजांना मदत केल्याच्या आरोपावरून तुर्कांनी काही गावकऱ्यांना फासावर चढवलं. वेढ्यात त्यांनी कुणाची बाजू घ्यावी, अशी निवड त्यांना कधी मिळालीच नव्हती.

वेढ्यातल्या सामान्य माणसाला ‘खाणारं तोंड’ समजायची ही रीत पुढेही चालू राहिली. दुसऱ्या महायुद्धात रशियातलं लेनिनग्राड शहर 872 दिवस जर्मन वेढ्यात होतं. तिथून बाहेर पडू पाहणाऱ्या नागरिकांवर गोळीबार करायचा, म्हणजे ते आतच राहून शिधा संपवतील, असा जर्मन आदेश होता. 1948 मध्ये न्यूरेंबर्गच्या अमेरिकन न्यायालयासमोर फॉन लीब या जर्मन सेनापतीचा खटला चालला तेव्हा न्यायाधीशांनी खेद व्यक्त केला, पण तेव्हाच्या कायद्यानुसार हा आदेश गुन्हा ठरत नाही असा निर्णय दिला. नागरिकांची उपासमार हे युद्धाचं हत्यार म्हणून वापरायला स्पष्ट बंदी घातली ती 1977 च्या जिनिव्हा करारांच्या पुरवणीने. कूतनंतर 61 वर्षांनी.

इराकमध्ये बसऱ्याजवळ त्या लढाईतल्या, ज्यांची कबर माहीत नाही अशा 40 हजारांहून अधिक जणांचं स्मारक आहे. त्यावर गोऱ्या सैनिकांची नावं कोरलेली आहेत. हिंदी शिपायांच्या बाबतीत पलटणीचं नाव आणि पुढे नुसता आकडा, गावच्या पाटीसारखाच. कूतमध्ये त्या पाच महिन्यांत किती गावकरी मेले, त्याची तर अशी पाटीही कुणी लावली नाही.